राखेचं वळण

पाऊस पडत असेल तर गाडी ट्रॅकवर काढायची की नाही, हे आमच्या गटात चालवणारा ठरवत नाही. त्याच्या वतीने दुसरं कोणीतरी ठरवतं. नवीन माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, गाडी नक्की कोणाची असते?

पद्धत अशी आहे. पाऊस लागला की चालवणाऱ्याने आपलं हेल्मेट आपल्या पाहणाऱ्याच्या हातात द्यायचं. पाहणारा म्हणजे आपणच सोबत आणलेला आपला माणूस. भाऊ, मित्र, मेकॅनिक, कोणीही चालतो. तो हेल्मेट काखेत मारून अख्खा ट्रॅक पायी फिरतो आणि परत येऊन एक तर ते आपल्या हातात ठेवतो, नाही तर सरळ परतीच्या गाडीच्या डिक्कीत टाकतो. हातात ठेवलं तर चालवायचं, डिक्कीत गेलं तर घरी जायचं. का, कसं, कुठे किती चिखल आहे, हे विचारायचं नाही. दुसऱ्याच्या पाहणाऱ्याला तर मुळीच विचारायचं नाही, कारण तो आपल्या माणसाचा अपमान समजला जातो. ही पद्धत कोणी सुरू केली ते आता नीट सांगता येत नाही. आमच्यातल्या एकाचं खांद्याचं हाड मोडलं होतं आणि पलंगावर पडल्या पडल्या तो म्हणाला होता की मला त्या दिवशी ट्रॅक दिसतच नव्हता, नुसती रेस दिसत होती. तेव्हापासून असं ठरलं म्हणतात. मला ते पटतं. पहाटे उठून, गाडी पिकअपवर लादून, दोरखंड आवळून इतक्या लांब आलेला माणूस स्वतःला 'नको' म्हणू शकत नाही.

आमचा गट म्हणजे नागपूरच्या आसपास मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवणारी दहा-बारा टाळकी. त्यात गॅरेजवाले आहेत, सरकारी नोकर आहेत, एक भाजीचा ठोक व्यापारी आहे आणि मी आहे. मी दातांची डॉक्टर आहे. हुडकेश्वरला माझा दवाखाना आहे. माझ्या पेशाचा मोठा फायदा असा की समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतो, पण उलट बोलू शकत नाही. त्यामुळे मला माझं म्हणणं शेवटपर्यंत मांडायची सवय लागली आहे आणि घरच्यांना तिचा त्रास होतो.

पेशंटना मात्र मी ट्रॅकवर जाते हे माहीत नाही, आणि ते माहीत होऊ नये असंच मला वाटतं. माझं उजवं मनगट दोनदा मोडलं आहे. आत प्लेट आहे. हाडाच्या डॉक्टरने दुसऱ्या वेळी सांगितलं की तिसऱ्यांदा मोडलं तर दात काढणं सोडाच, कुलपात किल्ली फिरवायलाही कोणाला तरी हाक मारावी लागेल. हे त्याने चहा पिता पिता सांगितलं, म्हणून मला जास्त खरं वाटलं. तरी मी चालवते. का, याचं उत्तर मी शोधत बसत नाही. चाळिशी उलटल्यावर माणसाकडे एखादी तरी गोष्ट अशी असावी जिचा कोणाला काही उपयोग नाही.

माझे पाहणारे म्हणजे माझे बाबा.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात होते, राखेच्या कामावर. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून पाइपांतून तलावात सोडायची आणि त्या तलावाचे बांध सांभाळायचे, यातच त्यांची सारी नोकरी सरली. आम्ही तिथल्या कॉलनीतच वाढलो. तारेवरचे कपडे आत आणताना आई आधी ते झटकायची आणि मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं करतात. सुटीच्या दिवशी बाबा मला सायकलवर पुढे बसवून बांधावर न्यायचे. तिथे त्यांनी मला राख ओळखायला शिकवली. ओली राख वरून टणक दिसते. पाय ठेवला तर दबतही नाही. पण एका जागी उभं राहून टाच आपटत राहिलं की थोड्या वेळाने वरचा थर चमकायला लागतो. खालचं पाणी वर येतं आणि भजीचं पीठ सैल झाल्यावर जसं दिसतं तसं सगळं सैल होऊन जातं. "राख डोळ्यानं नाही समजत, माय," बाबा म्हणायचे. "टाचेनं समजते."

हे सांगायचं कारण असं की आमच्या ट्रॅकवरही राख आहे. उमरेड रोडवरून आत गेलं की एका ओळखीच्याची पडीक जमीन लागते, तिथे आम्ही ट्रॅक केला आहे. सगळीकडे लाल मुरूम टाकून दाबलेला आहे. फक्त नाल्याकडच्या खोलगट कोपऱ्यात मुरूम पुरला नाही, म्हणून तिथे राखेचे ट्रक रिकामे केले. उन्हाळ्यात ते वळण सगळ्यात गुळगुळीत असतं, गाडी तिथे अशी वळते की पुन्हा पुन्हा वळवावीशी वाटते. पावसाळ्यात त्याचं काही सांगता येत नाही. एका पावसाने काही होत नाही, आणि दुसऱ्या पावसात तिथे बैल रुतेल.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले आणि मी त्यांना एकदा ट्रॅकवर घेऊन गेले, घरात एकटे कशाला बसतील म्हणून. पहिल्याच पावसाळ्यात त्या वळणामुळे त्यांचा दबदबा झाला. ते हेल्मेट घेऊन निघाले की बाकीचे पाहणारे त्यांच्या मागे चालायचे, आणि ते टाच आपटायला लागले की सगळे वाकून त्यांच्या बुटाभोवतीची राख बघत बसायचे. परत आल्यावर त्यांना खुर्ची मिळायची, पहिला चहा मिळायचा, "काका, यंदा कसं आहे गा वळण?" असं दर पावसाळ्यात कोणीतरी विचारायचं. निवृत्त झालेल्या माणसाला घरात फक्त औषध घेतलं का एवढंच विचारतात. इथे त्यांना कामाचं विचारत होते. रविवारी सकाळी ते माझ्याआधी तयार होऊन बसलेले असायचे, गमबूट दाराशी काढून ठेवलेले.

त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा आभाळ नुसतं भरलेलं होतं. गाडी उतरवेपर्यंत थेंब आले आणि वर प्लास्टिकची पन्नी ताणेपर्यंत पावसाने असा जोर धरला की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. त्या दिवशी एकेकाने सुटायचं होतं, दोन फेऱ्या मारायच्या आणि ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो पहिला. ज्याची जमीन तोच आमचा आयोजक. तो पन्नीखाली तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा होता. "ज्याले चालवायचं त्यानं चालवा," तो म्हणाला. "मी कोणाले थांबवत नाही अन् ढकलतही नाही."

सगळ्यांनी आपापली हेल्मेटं दिली. मीही दिलं. बाबांनी ते नेहमीसारखं काखेत घेतलं, टोपी पुढे ओढली आणि निघाले. बाकीचे पाहणारे अजून बूट चढवत होते.

बाबा सगळ्यात आधी परतही आले. ही गोष्ट मला तिथेच खटकायला हवी होती, पण मी साखळीला तेल देत होते आणि माझं लक्ष नव्हतं. ते माझ्यासमोर उभे राहिले, श्वास थोडा लागलेला. हेल्मेट माझ्या हातात ठेवलं.

"जाय," म्हणाले.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आनंद झाला. मी पट्टा लावायला मान खाली घातली आणि तेव्हा मला त्यांचे गमबूट दिसले. घोट्यापर्यंत लाल मुरूम लागला होता. नुसता लाल.

थोड्या वेळाने बाकीचे पाहणारे परतायला लागले. त्यांचे बूट मी मुद्दाम पाहिले. खाली लाल आणि वर नडगीपर्यंत करडे. शिवणीत, खाचांत, काहींच्या तर पँटच्या दुमडीतसुद्धा राख. इतक्या पावसातही ती धुतली गेली नव्हती आणि जाणारही नव्हती. ओल्या राखेची चिकाटी कोराडीत वाढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. त्यातल्या बहुतेकांनी काही न बोलता हेल्मेटं डिक्कीत टाकली. दोघांनी तेवढी हातात दिली. त्या दोघांच्या गाड्या हलक्या होत्या आणि चालवणारे पंचविशीचे.

म्हणजे बाबा नाल्यापर्यंत गेलेच नव्हते. अर्ध्या वाटेवर एक उंचवटा आहे, तिथून ते वळण दिसतं. तिथे उभं राहून त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं असणार आणि मागे फिरले असणार. का, हेही मला लगेच कळलं. गेले काही महिने ते दवाखान्याच्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढत होते. मी विचारलं की म्हणायचे, चप्पल नवीन आहे. चप्पल नवीन नव्हती, ते मला दिसत होतं. मी पुन्हा विचारलं नव्हतं.

मला बाबांचा राग आला. भयंकर राग आला. माझं मनगट, माझा दवाखाना, माझी भाकरी, सगळं त्या हेल्मेटमध्ये घालून त्यांनी माझ्या हातात दिलं होतं, आणि तेही एका चढावरून नुसतं बघून. ज्या माणसाने मला बांधावर उभं करून टाच आपटायला शिकवली, त्याने! दुसरा कोणी असता तर मी त्याला तिथेच सोलून काढलं असतं.

पण समोर सगळे होते. मी 'चालवत नाही' म्हटलं असतं तर सगळ्यांच्या माना आधी बाबांकडे वळल्या असत्या. पाहणाऱ्याने हातात दिलेलं हेल्मेट चालवणाऱ्याने नाकारलं, असं आमच्यात कधी झालेलं नव्हतं. मग कोणीतरी विचारलं असतं, मग कोणाचं तरी लक्ष त्या बुटांकडे गेलं असतं. खुर्ची त्यानंतरही मिळाली असती. आमची माणसं चांगली आहेत, त्यांनी काकांना खुर्ची दिली असती, छत्रीही धरली असती, आणि पुढच्या पावसात त्यांच्या मागे कोणी गेलं नसतं. मला ते चित्र बघवेना.

खोटं बोलायचा विचार केला. गाडी चालू होत नाही म्हणावं, प्लगमध्ये पाणी गेलं म्हणावं. पण प्लग सकाळी बाबांनीच पुसून, आवळून बसवला होता. त्यांनी तो उघडला असता, आणि तो कोरडा ठणठणीत निघाला असता.

एक सरळ प्रश्न विचारता आला असता, राखेपर्यंत गेले होते का. पेशंटला मी दिवसभर याहून वाईट प्रश्न विचारते, रात्री ब्रश करता का, खरं सांगा. तो प्रश्न माझ्या तोंडातून निघाला नाही.

मग मी वळणाचा विचार करायला लागले. ओल्या राखेत जोरात गेलं की चाक सटकतं आणि माणूस हातावर पडतो. हळू गेलं की गाडी रुतून बसते. मधला वेग असा काही नसतो, असता तर मला माहीत असता. सटकण्यात मनगट जाणार होतं, बसण्यात फार तर अब्रू गेली असती, आणि तीही माझी. मी बसायचं ठरवलं. आता लिहिताना हे फार विचारपूर्वक ठरवल्यासारखं दिसतंय. तेव्हा हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला मोठ्याने ऐकू येत होता.

बाबांनी गाडी धरली. मी बसले. "सांभाळून," ते म्हणाले. हा शब्द ते एरवी कधी म्हणत नाहीत.

मुरूमावर गाडी बरी चालली. पाणी उडत होतं, काच सारखी पुसावी लागत होती, पण खाली पकड होती. उंचवट्यावरून उतरताना वळण समोर आलं. वरून ते अगदी नीट दिसत होतं, सपाट, करडं, न मोडलेलं; पाहणाऱ्यांच्या पावलांचे खड्डेही पावसाने बुजवले होते. बाबांना काय दिसलं असेल ते मला तिथे समजलं. मी गॅस सोडला, दोन्ही पाय खाली सोडले आणि बदकासारखी चालत चालत गाडी राखेत घातली.

थोडं अंतर ती गेली. मग माझ्याभोवती सगळं चमकायला लागलं. इंजिनाच्या थरथरीने टाचेचं काम केलं होतं. पुढचं चाक आधी गेलं, मग मागचं, आणि गाडी चाकाच्या मध्यापर्यंत खाली बसली. मी एका बाजूला उतरले आणि पोटरीपर्यंत आत गेले. हात कुठेच टेकवला नाही. इंजिन बंद पडलं. मनगट शाबूत होतं, हे मी दोनदा वळवून पाहिलं.

पन्नीकडून आरडाओरडा ऐकू आला. दोघं-तिघं दोरखंड घेऊन निघाले असावेत, पण त्यांना कोणीतरी थांबवलं, कारण ते उंचवट्यावरच उभे राहिले. आणि मग मला बाबा येताना दिसले.

ते एकटे येत होते. छत्री नाही, टोपीही पडली होती कुठेतरी. उंचवट्यावरून उतरताना ते तिरके होऊन उतरले, प्रत्येक पावलाला दुसरा पाय पहिल्याजवळ आणून टेकवत. मध्ये एकदा उभे राहिले, गुडघ्यावर हात ठेवून. मी 'येऊ नका' असं ओरडले. त्यांना ते ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. तोवर सगळे उंचवट्यावर येऊन बघत होते. जे लपवायला मी इथवर रुतायला आले होते, ते बाबा सगळ्यांच्या देखत पायाने दाखवत चालत आले.

मुरूम संपून राख सुरू होते तिथे ते थांबले. श्वास सावरायला वेळ लागला. मग त्यांनी काठावर टाच आपटली. आपटत राहिले. त्यांच्या बुटाभोवती पाणी वर आलं.

"मी इथवर आलो नव्हतो," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"कसं?"

"तुमचे बूट लाल होते."

त्यांनी बुटांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहत राहिले. मी वाट बघत होते की ते आता माफी मागतील, आणि मी मनाशी तयारी करत होते की म्हणायचं, जाऊ द्या बाबा, काही झालं नाही. पण त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"तुले माहीत होतं," ते म्हणाले, "अन् तरी आली?"

मी गाडीचं हँडल सरळ करायला लागले.

"काहून आली वं? हात मोडून घ्याले? मी चुकलो, मले समजते, माझी मोठी चूक झाली. पण तुले दिसून राहिलं होतं ना? तू तं डोळे उघडे ठेवून आली इथं! मले बरं वाटावं म्हणून तू जीव घालून राहिली काय?"

"तुम्हीच हेल्मेट दिलं हातात."

"मंग तोंडावर फेकाचं होतं माझ्या!"

इथे माझा तोल गेला. पायाखाली राख, डोक्यावर धो-धो पाऊस, शरमेने आणि भीतीने आधीच अर्धी झालेली मी, आणि हे उलट मलाच बोलत होते. मी ओरडले. इतक्या जोरात ओरडले की उंचवट्यावरच्या सगळ्यांपर्यंत प्रत्येक शब्द गेला, हे मला नंतर कळलं. तुम्ही गेलेच नाही अन् मले जाय म्हणलं, माझा हात गेला असता तं कोणी केलं असतं माझं, गुडघे दुखतात तं सांगता येत नाही काय, नवीन चप्पल म्हणे, मी काय आंधळी आहो? आणि शेवटी, जे वाक्य सकाळपासून गिळत होते, खरं तर कित्येक महिन्यांपासून गिळत होते, तेही निघालं. "तुमचे पाय गेले, बाबा. तुमच्यानं नाही होत आता हे काम. नाही होत."

पाऊस पडत होता. बाबा ऐकत होते. त्यांनी चेहऱ्यावरचं पाणी हाताने निपटलं, तेवढंच.

"हं," ते म्हणाले. "बरोबर आहे."

मला रडू फुटलं. त्यांनी ते पाहिलं, आणि त्यांचा आवाज खाली आला.

"हे तिथंच म्हणाचं होतं, माय. हेल्मेट देल्लं तेव्हाच."

"सगळे होते तिथं."

"असू दे ना सगळे. मी काय आजचा आहो? चार जणाईसमोर म्हणलं असतं तरी मी सोसलं असतं."

मी राखेतून एक पाय ओढून काढला. तो काढताना दुसरा अजून आत गेला. बाबांनी काठावरून हात पुढे केला, पण तो माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

"मी नसतं सोसलं," मी म्हणाले.